तुमची तुम्ही मोडा

सप्रेम नमस्कार. मी सेलू तालुक्यातल्या एका खेड्यातली, आता बासष्ट वर्षांची. जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्य गेलं, चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. मुलीनं हट्टानं परभणीच्या एका लेखनवर्गात नाव घातलं. बारा रविवारांचा वर्ग आहे, सात झाले. आठवणी लिहिणं आणि कविता, दोन्ही शिकवतात. मी सोडून बाकी सगळी पंचविशी-तिशीची मुलं.

बहात्तरच्या दुष्काळात माझी आई खडी फोडायला जायची. मी तेव्हा नऊ वर्षांची. त्यावर दोन पानं लिहून नेली. सरांनी खाली लाल शाईनं लिहिलं, ‘हा निबंध झाला. आठवण कुठे आहे?’ जन्मभर पोरांचे निबंध तपासले, आता माझ्यावरच ही वेळ. कवितेत ‘आई’ला ‘शाई’ जुळवली तर मुलं म्हणाली, मॅडम, यमक आता कुणी लिहीत नाही.

त्यात भावाला पानं वाचून दाखवली. तो म्हणतो, आईच्या अंगठ्याची जखम खडीवरची नाहीच, विहिरीच्या रहाटावरची आहे. मला तर खडीचा ढीगच दिसतो. शिवाय त्याच साली वडील आईचे चांदीचे तोडे घेऊन घरातून गेले, ते पुढच्या पावसाळ्यात परत आले. भाऊ म्हणतो, ते लिहायचं नाही, गेलेल्या माणसाची अब्रू काढू नये. आणि आई जशी बोलायची तसं लिहावं, तर तेच बोलणं मी पोरांच्या वहीत खोडत आले. पहिलं पान सोबत जोडलंय.

(आईचं एक राहिलंच. संध्याकाळी ती बोटांना चिंध्या बांधून चुलीपुढं बसायची. एरवी आम्हाला भाकरी कालवणात कुस्करून द्यायची, त्या साली मात्र ‘तुमची तुम्ही मोडा’ म्हणायची. आम्हा दोघांना वाटायचं, रागावली.)

उरलेले पाच रविवार जाऊ, का सोडून देऊ?

एक निवृत्त शिक्षिका, सेलू तालुका

*

ताई,

पाचही रविवार जा. हे आधी सांगून टाकते, कारण पत्र वाचताना मला एवढीच धास्ती होती, की माझं उत्तर पोचेपर्यंत तुमचा आठवा रविवार चुकायचा.

तुम्ही एकेक अडचण नीट परिच्छेद पाडून मांडली आणि शेवटी, जागा उरली म्हणून की काय, कंसात चार ओळी घातल्या. त्या मी तीनदा वाचल्या. माय चुलीपुढं बसलीय, बोटांना चिंध्या आहेत, दोन लेकरं ताटावर बसलीत, आणि रोज कुस्करून देणारी माय म्हणते, तुमची तुम्ही मोडा. लेकरांना वाटतं, रागावली. दिवसभर हातोडी धरून तिची बोटं वळत नव्हती, हे लेकरांना कुठून कळावं? सर विचारतात ना, आठवण कुठे आहे? ती कंसात बसलीय.

आता जोडलेलं पान बघा. ‘माझी आई अत्यंत कष्टाळू होती. १९७२ साली महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला. रोजगार हमी योजनेच्या कामावर ती दिवसभर राबायची. ऊन, वारा यांची तिने कधी पर्वा केली नाही. तिच्या कष्टांमुळेच आम्ही घडलो.’ यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण हेच पान जालन्याच्या, बीडच्या, धाराशिवच्या त्या पिढीतल्या कुठल्याही बाईच्या नावावर लावा, चालून जाईल. तुमच्या आईची अशी त्यात एकही खूण नाही. सरांचं म्हणणं बरोबर आहे. फक्त लाल शाईत तेवढंच लिहून सोडून दिलं, ते मला पटलं नाही. निबंध झाला हे सांगायचं, तर त्यातून बाहेर कसं पडायचं हेही सांगायला हवं होतं.

मला जमलेली एक वाट सांगते. पेन्सिल घ्या आणि तुमच्या दोन पानांतल्या सगळ्या क्रियापदांखाली रेघ ओढा. जायची, राबायची, यायची, करायची, म्हणायची. पुन्हा पुन्हा रीतिभूतकाळ. तुम्ही फळ्यावर तो कितीदा शिकवला असेल. हा काळ फार मायाळू आहे. तो शंभर दिवसांचा एक दिवस करतो आणि कुठल्याच दिवशी नेमकं काय झालं ते सांगायची जबाबदारी घेत नाही. निबंधाला तो पुरतो. आठवणीत मात्र कुठंतरी ‘म्हणायची’चं ‘म्हणाली’ करावं लागतं. ‘तुमची तुम्ही मोडा, माय म्हणाली.’ एवढा एक प्रत्यय बदलला की दिवस ठरवावा लागतो. बहुतेक पहिलाच दिवस असेल, कारण दुसऱ्या दिवसापासून तुम्हाला सवय झाली असणार. ताटात काय होतं? तेव्हा रेशनवर ती तांबडी मिलो ज्वारी मिळायची. भाकरी तिची होती का? त्या पिठाला विरी नसायची, भाकरी थापतानाच चिरायची, असं माझ्या घरातल्या बायका सांगत. मग तुमची ती भाकरी मोडायला सोपी गेली, की तिचा भुगा झाला? दिवा कुठं होता, दिवळीत की खाली भुईवर? भाऊ तुमच्या कुठल्या अंगाला बसला होता? त्यानं पहिला घास घेतला की तुमच्याकडं बघितलं?

यातलं जेवढं आठवेल तेवढं लिहा. जे आठवणार नाही तिथं काही घालू नका. दिवा आठवत नसेल तर दिवा नको. मला या सगळ्या पत्राच्या उत्तरात खरं तर एवढंच सांगायचं आहे, की आठवण जेवढी आहे तेवढीच लिहा, ती पुरते. आपण तिला पुरवणी जोडायला जातो, सद्गुण जोडतो, इतिहास जोडतो, ऋण जोडतो, आणि ती त्याखाली गुदमरते.

हे मी माझ्या चुकीतून शिकले. चाळिशीत असताना मीही अशाच एका रविवारच्या बैठकीला जायचे. रझाकारांच्या काळात माझी आजी गाव सोडून, सरहद्द ओलांडून पलीकडं छावणीत गेली होती. ते मी मोठ्या आवेशात लिहून नेलं. निजामी राजवट, अनन्वित अत्याचार, १७ सप्टेंबर १९४८, मुक्तीची पहाट, सगळं होतं त्यात. वाचून झाल्यावर एका वयस्कर बाईंनी विचारलं, आजीनं निघताना काय घेतलं हो बरोबर? मला माहीत नव्हतं. आजी तेव्हा हयात होती, बाजेवर पडून असायची. दुसऱ्या दिवशी जाऊन विचारलं. ती म्हणाली, जात्याचा खुंटा. जातं उचलणं शक्य नव्हतं, म्हणून तिनं खुंटा उपसून कमरेला खोचला आणि निघाली. परत आल्यावर जातं जागेवर होतं, खुंटा परत बसवला आणि दळण घातलं. माझ्या सहा पानांत हा खुंटा नव्हता. ती पानं मी फाडली नाहीत, अजून आहेत, पण आजीचं म्हणून मी कुणाला काही वाचून दाखवते तेव्हा खुंट्याची दहा ओळींची गोष्टच वाचते.

तर तुमच्या पानातला खुंटा शोधायला लागत नाही, तो तुम्हाला सापडलेला आहे. आता तो नऊ वर्षांच्या मुलीच्या हातात द्या. इथं एक काळजी घ्या. ती मुलगी ‘रोजगार हमी योजना’ म्हणणार नाही. हमीचा कायदाच मुळी पुढं १९७७ साली झाला, आणि त्या वेळी लोकांच्या तोंडी ‘दुष्काळी काम’ होतं. तुमची माय सकाळी निघताना काय म्हणायची? ‘खडीवर चालले’ म्हणायची की ‘कामावर’? तोच शब्द घाला. मुकादम, मस्टर, ब्रास, सुकडी, यातले जे शब्द त्या मुलीच्या कानावर पडत होते ते तसेच येऊ द्या. ब्रास म्हणजे किती हे तिला कळत नसेल तर वाचकालाही पानभर कळलं नाही तरी चालेल. ‘आज अर्धा ब्रास बी झाला नाही’ असं म्हणून माय खाली बसली, एवढ्यावरून वाचक समजतो.

आणि ‘रागावली’ इथं थांबा. लगेच पुढच्या वाक्यात ‘पण खरं तर तिची बोटं दुखत होती’ असं लिहायचा मोह होईल, तो आवरा. तुम्हाला तेव्हा कळलं नव्हतं, मग वाचकाला का घाईनं सांगायचं? खरं कारण तुम्हाला कधी कळलं ते मला पत्रात दिसलं नाही. लग्न झाल्यावर? शाळेत खडू धरून धरून तुमचीच बोटं आखडली तेव्हा? की आई गेल्यानंतर? ती वेळ म्हणजे तुमच्या लेखाचा दुसरा प्रसंग आहे. दोन प्रसंगांमध्ये पंधरा-वीस वर्षं मोकळी राहिली तरी राहू द्या. कदाचित हे पत्र लिहितानाच कळलं असेल. तसं असेल तर तेही लिहा, बासष्टाव्या वर्षी, पत्राच्या कंसात कळलं म्हणून.

आता भावाचं. अंगठ्याची जखम खडीवरची की रहाटावरची? वर्गातल्या कुणी तुम्हाला सांगेल, काय फरक पडतो, तुम्हाला जे हवं ते लिहा. माझं तसं मत नाही. आठवण म्हणून जे आपण लोकांपुढं ठेवतो त्यात जाणूनबुजून बदल करायचा नाही, ही शिस्त मी पाळते. पण चुकून वेगळं आठवणं हा काही गुन्हा नाही. आधी चौकशी करा. त्या साली विहिरीला पाणी होतं का? जायकवाडीचा कालवा तेव्हा आपल्याकडं आलेला नव्हता. धरणच १९७६ साली पुरं झालं. दुष्काळात विहीर आटली असेल तर रहाटाची जखम आदल्या सालची असेल, आणि मग दोन जखमा असतील, एक त्यानं पाहिलेली, एक तुम्ही. किंवा विहिरीच्या तळाला ओंजळभर पाणी असेल आणि लांब दोर ओढता ओढताच ते झालं असेल. गावात त्या वयाचं कुणी असेल तर विचारा. एवढं करूनही उलगडा झाला नाही, तर लेखात सरळ लिहा, ‘भाऊ म्हणतो रहाटावर. मला दिसतो तो खडीचा ढीग.’ दोन भावंडांच्या डोळ्यांत एकाच अंगठ्याची दोन चित्रं आहेत, याहून खरं दुसरं काय असणार?

आपल्या बोलण्यात यासाठी एक छोटासा शब्द आहे, त्याचा तुम्ही भरपूर वापर करा. ‘म्हणे’. ‘बाप हैदराबादेला गेला’ आणि ‘बाप हैदराबादेला गेला म्हणे’. दुसऱ्या वाक्यात वाचकाला आपोआप कळतं, की हे लिहिणारीनं पाहिलेलं नाही, कानावर आलेलं आहे. तसंच ‘असेल’ आणि ‘असावं’. माय रात्री रडली असेल. रडलेली तुम्ही पाहिली नसेल तर ‘रडली’ लिहू नका. न ऐकलेले संवाद तर अजिबात रचू नका. पाहिलेलं, ऐकलेलं आणि अंदाजानं म्हटलेलं, या तिन्हीला आपल्या मराठीत वेगळी रूपं आहेत, ती असताना खोटं बोलायची गरजच पडत नाही.

तारखांचा फार घोर लावून घेऊ नका. तुम्ही शिक्षिका, तुम्हाला मी काय सांगावं, आपल्या पिढीतल्या निम्म्या लेकरांची जन्मतारीख शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लावलेली. माझीही तीच आहे. आपली माणसं साल सांगतातच घटनेवरून, रझाकाराच्या साली, बहात्तरात, भूकंपाच्या आदल्या दिवाळीत. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा, त्यावरून कितीतरी घरांतली लग्नं आणि बाळंतपणं मोजता येतात. तुम्हीही तशीच मोजा. तुमच्या मायचा खडीचा काळ आणि परभणीत कृषी विद्यापीठ सुरू झालं ते साल एकच आहे, मे १९७२ मध्ये ते स्थापन झालं. जिल्ह्याच्या गावी शेतीचं विद्यापीठ उभं राहत होतं आणि चाळीसेक किलोमीटरवर शेतकऱ्याची बाई दगड फोडत होती. हे तुम्ही लेखात घालालच असं नाही, आणि टीका म्हणून तर घालूच नका. पण लिहिणारीला ठाऊक असावं.

वडिलांचं सगळ्यात अवघड आहे, म्हणून त्यावर जरा सावकाश बोलते.

लिहा. आधी फक्त स्वतःसाठी लिहा. वर्गात ते पान वाचलंच पाहिजे असं नाही, सरांना तसं मोकळेपणी सांगा. कुठलाही चांगला वर्ग हे ऐकतो. पण लिहायचंच नाही, असं ठरवू नका. कारण ज्या घरातून तोडे गेले आणि बाप गेला, त्याच घरातली माय खडीवर गेली. ते वगळलं तर तुमची माय दुष्काळामुळं खडीवर गेली एवढंच उरतं, आणि मग आपण परत निबंधाकडं जातो. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिलं. १९३४ पासून त्याचे भाग येऊ लागले. त्यांनी नवऱ्याचा संताप, न सांगता घर सोडून जाणं, सगळं लिहिलंय. आणि वाचून झाल्यावर आपल्याला टिळकांचा राग राहत नाही, माणूस कळतो. याचं कारण त्यांनी नवऱ्यावर निकाल दिला नाही, जे घडलं ते दाखवलं.

तुम्हीही नऊ वर्षांच्या मुलीला जेवढं दिसलं तेवढंच लिहा. तोडे कुठं ठेवलेले असायचे? कणगीत, ट्रंकेत, उतरंडीच्या खालच्या मडक्यात? ते नाहीत हे तुम्हाला कसं कळलं, मायच्या चालण्याचा आवाज थांबला म्हणून? बाप परत आला तेव्हा पाऊस पडत होता का, त्याच्या हातात काय होतं, मायनं त्याला पाणी दिलं का? तो का गेला, हे तुम्हाला ठाऊक नसेल तर ‘का’ लिहू नका. त्या साली कितीतरी बाप शरमेनं गेले. लेकरांच्या ताटाकडं बघवत नाही म्हणून गेले. तुमचा त्यातला होता की नाही, मी सांगू शकत नाही, आणि कदाचित तुम्हीही सांगू शकणार नाही. तेवढी जागा बापासाठी मोकळी ठेवा. अब्रू तेवढ्यानं राखली जाते.

भावाला मात्र अंधारात ठेवू नका. कुठं छापायला द्यायची वेळ आली तर आधी त्याला वाचायला द्या. परवानगी मागायची म्हणून नाही. बापाबद्दलचं चार लोकांच्या तोंडून त्याच्या कानावर जाऊ नये, म्हणून. त्याचं ऐकून एखादं वाक्य काढावंसं वाटलं तर काढा. सगळं पान काढायला लागला तर थांबा, वर्षभर ठेवून द्या. तो तुमच्याहून लहान की मोठा हे तुम्ही लिहिलं नाहीत. मोठा असेल तर बाप नसताना त्या घराचा भार त्याच्यावर आला असणार, आणि ‘लिहायचं नाही’ म्हणताना तो बापाची अब्रू राखतोय की त्या सालातल्या स्वतःला, ते तुम्हीच ओळखाल.

कवितेचं आता. यमक लिहू नये असं कुठं आहे? यमकात दोष नाही, यमकानं शब्द आणला की दोष येतो. तुमच्या घरात त्या साली शाई होती का? नव्हती. ‘आई’ला जुळली म्हणून ती आत आली. मुलांना ते खटकलं असेल, नेमकं काय खटकलं ते त्यांना सांगता आलं नाही.

तुमची माय जात्यावर बसायची ना? तिच्या ओव्या आठवतात? ओवी ही बाईची कविता आहे, आणि ती तुमच्या घरात होती. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून बायकांच्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यात आपल्या परभणीच्या बायकाही आहेत. जनाबाई गंगाखेडची, तुमच्याच जिल्ह्यातली. दळण-कांडण करता करता तिनं जे रचलं ते सातशे वर्षं टिकलं. यमक जुनं झालं म्हणणाऱ्या मुलांना ओव्या म्हणून दाखवा एकदा. तुमच्या मायची एकच आठवत असेल तर ती एक. आधी ती वहीत उतरवून ठेवा, ती कवितेहून निकडीची आहे.

मग बोटांवर अक्षरं मोजायला घ्या. मोठ्या अभंगाचा एक साधा साचा आहे, सहा, सहा, सहा आणि चार. दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक. तुमचीच भाकरी घेऊन मी बसवून बघितली:

भाकर ताटात
मायला मोडेना
बोटच वळेना
चिंधीतलं

ही काही भारी कविता नाही, साचा दाखवायला केलेली आहे. ‘बोटच’ मधला ‘च’ अक्षर भरायला आलाय, चांगल्या ओळीत असा भरणा नसतो. पण शेवटचा चार अक्षरांचा चरण बघा. पायरी उतरताना एक पायरी कमी निघावी तसं होतं. ते अडखळणं आपल्याला फुकट मिळतं, संतांनी बसवून ठेवलेलं.

आता दुसरं बघा. हे माझं नाही, तुमच्या कंसातलंच वाक्य आहे, ‘म्हणायची’चं ‘म्हणाली’ केलं आणि ओळी तोडल्या:

तुमची तुम्ही मोडा,
माय म्हणाली.
आम्हाला वाटलं
रागावली.

हा मुक्तछंद. यात न ठरवता एक यमकही आलंय, ‘म्हणाली’ आणि ‘रागावली’, ते क्रियापदांच्या शेवटानं आपसूक आलं. आता दोन्ही मोठ्यानं म्हणून बघा. पहिल्यात बोट वळत नाही हे सांगितलंय, दुसऱ्यात लपवलंय. मला दुसरी जास्त आवडते. तुम्हाला पहिली आवडली तर साच्यातच लिहा, बिनदिक्कत.

कुठली आठवण गद्यात लिहायची आणि कुठली कवितेत, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण सात रविवारांनंतर तो प्रश्न पडतोच. मी असं बघते, की आठवणीला आधी-नंतर आहे का? खडीवर जाणं, मस्टर, मोजमाप, संध्याकाळ, भाकरी, याला क्रम आहे. ते गद्यात जातं. काही आठवणी मात्र सुट्या असतात, आगापिछा नसतो, नुसतं चित्र. तोड्यांशिवायचे मायचे पाय, असं काही तुमच्याकडं असेल. त्याच्या आधी काय, नंतर काय, ते तुम्हाला ठाऊक नाही. ते गद्यात ओढलं तर मधली जागा भरावी लागते आणि आपण रचायला लागतो. ते चार ओळींत ठेवा.

मायच्या बोलीबद्दल तुम्ही एकाच वाक्यात लिहिलंत, आणि मला वाटतं तिथंच तुम्हाला सगळ्यात जास्त लागलंय. शाळेत तुम्ही जे खोडलं ते नोकरी म्हणून खोडलं. पोरांना परीक्षेला बसायचं होतं. त्याचं ओझं घेऊ नका. पण माय तुमच्या लेखात प्रमाण मराठी बोलली तर मीच काय, तुमचा भाऊही तिला ओळखणार नाही. ‘काय करायलीस गं’ हे ‘काय करते आहेस’ झालं की बाई बदलली. बोलणं तिचं ठेवा, निवेदन तुमचं ठेवा, तुम्ही आज जसं बोलता तसं. प्रत्येक शब्दाचा उच्चार अक्षरात पकडायला जाऊ नका, वाचकाला ठेचा लागतात. पाच-सहा शब्द पुरतात, येरवाळी, कोरड्यास, लेकरू, बी, माय. आपल्या लातूर जिल्ह्यातल्या लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ १९८७ साली आलं, त्यात वस्तीची बोली होती, आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमी मिळाला. हे दार केव्हाच उघडलेलं आहे.

वर्गात वाचून झाल्यावर मुलं बोलायला लागली की उत्तर देऊ नका. नुसतं लिहून घ्या. आणि एकच विचारा, तुम्हाला काय दिसलं? कसं वाटलं हे विचारू नका, लाजेनं सगळे छान म्हणतात. दिसलं काय, ते विचारा. कुणी म्हणेल चिंधी, कुणी म्हणेल चूल. दोघा-तिघांना एकच वस्तू दिसली तर ती पानावर नीट उतरलीय. आणि तुमच्यात वयाचं अंतर आहे म्हणून संकोच करू नका. त्या खोलीत मिलोची भाकरी खाल्लेलं तुमच्याशिवाय कुणी नाही.

या रविवारी पान भरायचं नाही. अर्धंच न्या, भाकरीपुरतं. आणि त्याआधी भावाकडं जा. अंगठ्याचं काढू नका, तोड्यांचं काढू नका. नुसतं विचारा, त्या पहिल्या रात्री भाकरी कुणी मोडली रे, तू की मी?